जपानीत ओळख करून द्यायची, पण वहीत कुठल्या लिपीत लिहायची?

एन५च्या, म्हणजे जपानीच्या सगळ्यात पहिल्या पातळीच्या परीक्षेत तोंडी काही विचारत नाहीत, पण क्लासमध्ये 'जिकोशोऽकाइ', म्हणजे स्वतःची ओळख, उभं राहून म्हणायचं असतंच. ती चार वाक्यं पाठ करायला लिहायची कशी? रोमाजी, म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहिलेली जपानी, मी सरळ बाजूला ठेवतो. इंग्रजी अक्षरं दिसली की आपण 'देस', 'मास' न म्हणता 'देसू', 'मासू' असे शेवट ठणकावून म्हणतो. खरी चुरस देवनागरी आणि काना यांच्यात आहे; काना म्हणजे जपानीच्या दोन लिप्या, हिरागाना आणि परकी नावं लिहायची काताकाना.

देवनागरीची बाजू लंगडी नाही. ऐकलं तसं उतरवता येतं: 'हाजिमेमाश्ते' (पहिल्यांदाच भेटतोय), 'इंदो नो पुने कारा किमाश्ता' (भारतातल्या पुण्याहून आलो). 'वाताशि वा' (मी तर) मधला 'वा' काना लिपीत 'हा'च्या अक्षराने लिहितात, तिथे नवखा हमखास अडखळतो. देवनागरीत ही भानगड नाही. 'त्सु'साठी तर 'चूल'मधला च आपल्याकडे तयारच आहे.

माझं घोडं अडलं ते आडनावावर. मी काळे. जपानीत ळ नाही, म्हणून वहीत लिहिलं 'कारे देस' (मी काळे). आता ताणायचं कुठे? 'काऽरे' म्हटलं तर मी. शेवट लांबवून 'कारेऽ' म्हटलं तर करी, ती भातावर घालतात ती! पाठोपाठ 'इंदो कारा किमाश्ता' आलं की समोरचा सभ्यपणे मान लववतो आणि काय झालं ते आपल्याला कळतही नाही. अवग्रह घालून भागेल म्हणाल, पण भराभर लिहून घेताना तो घालतो कोण? काताकानात मात्र लांबवायच्या जागी आडवी रेघ द्यावीच लागते. 'का', रेघ, 'रे'. विषय संपला.

तुमचं आडनाव इतकं खोडकर नसेलही. पण 'कुलकर्णी' आपण ज्या वेगात म्हणतो, त्या वेगात जपानी माणसाला ते पकडता येत नाही, असा माझा तरी अनुभव आहे. काताकानात त्याची पाच अक्षरं होतात, कु-रु-का-रु-नि, आणि प्रत्येकाला सारखाच वेळ. लिहितानाच जीभ सावकाश होते.

हिरागानाची मूळ अक्षरं 46. आ-का-सा-ता-ना हा क्रम संस्कृत वर्णमालेच्याच वळणाचा, त्यामुळे बाराखडी घोकलेल्याला तो फार परका वाटत नाही. तरी परवाच मुलाखत असेल, तर बाकीची वाक्यं खुशाल देवनागरीत ठेवा. आडनाव तेवढं काताकानात लिहून घ्या.