व्हिटॅमिन डी + हर्पिस कॉम्बो टेस्ट: अर्धी कामाची, अर्धी डोक्याला ताप

५ पैकी २.५. त्यातला दीड सॅम्पल घ्यायला आलेल्या दादांचा.

मी डेंटलच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिवसभर क्लिनिक मग लायब्ररी, ऊन दिसतं ते खिडकीतून, आणि काचेतून यूव्हीबी (उन्हातला डी बनवणारा भाग) जवळजवळ येतच नाही, म्हणजे डी बनायला त्या उन्हाचा काडीचा उपयोग नाही. त्यात परीक्षा आली की खालच्या ओठावर डाव्या कोपऱ्यात, ठरलेल्या जागी, आधी चुणचुण मग पाण्याच्या फोडांचा झुपका मग खपली, म्हणजे हर्पिस, आणि वरून दिवसभर मास्क घासतोय. रूममेट म्हणाली दोघी मिळून हे 'इम्युनिटी कॉम्बो' करू. लॅबचं नाव लिहीत नाही.

दादा वेळेत आले, पहिल्याच टोचण्यात शीर सापडली (माझ्या हातावर हे सहसा होत नाही).

डीची टेस्ट चांगली. २५-हायड्रॉक्सी (रक्तात फिरणारं डीचं रूप) मोजतात, तीच बघायची असते. माझी १३ नॅनोग्रॅम आली, २० च्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, जेवणानंतर घ्यायला सांगितल्या कारण हे व्हिटॅमिन चरबीत विरघळतं. इथपर्यंत पैसे वसूल.

खरा घोळ हर्पिसचा. एचएसव्ही-१ (ओठावरच्या हर्पिसचा व्हायरस) आयजीजीच्या (त्याविरुद्धच्या अँटीबॉडीच्या) पुढे लाल अक्षरात 'पॉझिटिव्ह', बास, एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही. रूममेटचंही पॉझिटिव्ह, आणि तिला आठवतंय तेव्हापासून एक फोड आलेला नाही, रात्री दोनपर्यंत रडत बसली होती. अगं बाई, डब्ल्यूएचओचा २०१६ चा अंदाज बघ, पन्नाशीच्या आतल्या जवळपास ६७ टक्के लोकांत हा व्हायरस आहे! आयजीजीवरून एवढंच कळतं की तो कधीतरी शरीरात शिरलाय. कधी शिरला, आत्ता ॲक्टिव्ह आहे का, काही सांगता येत नाही. तो ट्रायजेमिनल गँग्लियनमध्ये (चेहऱ्याच्या नसेच्या गाठीत) झोपून असतो, ताप, टेन्शन, कडक ऊन असं काही झालं की उठतो.

आणि हो, रिपोर्टच्या शेवटी 'डी वाढवा, हर्पिस टाळा' असं छापलंय. प्रतिकारशक्तीत डीचा हात असतो, कॅथेलिसिडिन नावाचं जंतूंशी लढणारं प्रथिन बनायला तो लागतो, मान्य. पण गोळ्या घेतल्या की ओठावरचे फोड थांबतात हे कुठे सिद्ध झालंय? गंमत म्हणजे डीसाठी भर उन्हात जाऊन बसलं तर त्याच उन्हाने फोड उठू शकतात.

आमच्या कामाचं काही लिहिलं असतं तर चाललं असतं. चुणचुण सुरू झाली की लगेच असायक्लोव्हिर क्रीम लावा, फोड आल्यावर फारसा फायदा नाही. पेशंटच्या ओठावर ताजे फोड असतील आणि काम तातडीचं नसेल तर पुढची तारीख द्या. नाहीतर व्हायरस आपल्या बोटात जाऊ शकतो, व्हिटलो (बोटावरचा हर्पिस) होतो, भयंकर ठणकतं आणि मग बरं होईपर्यंत पेशंट बघणं बंद.

दोन दिवसांनी लॅबमधून फोन. "मॅडम तुमचं हर्पिस पॉझिटिव्ह आलंय, तीन महिन्यांनी परत चेक करू या का, डिस्काउंट चालू आहे." म्हटलं, दादा, ते आता म्हातारी होईपर्यंत पॉझिटिव्हच येणार. तर म्हणतात, मग वर्षाचं पॅकेज घ्या ना.