'मॉरिस' : आठ महिने उशाशी असलेलं पुस्तक

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टरची 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी जूनमध्ये घेतली. आतापर्यंत तीनदा वाचून झाली. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहिलं असतं तर तीन तारे दिले असते. आज पाच देतोय.

तेव्हा शेवट पटला नव्हता. केंब्रिजला शिकलेला शेअर दलाल मॉरिस आणि त्याचा मित्र क्लाइव्हच्या इस्टेटीवरचा गेमकीपर (शिकारीचं रान राखणारा नोकर) अॅलेक सगळ्यावर पाणी सोडून एकत्र राहतात. अर्जेंटिनाचं जहाज सुटतं आणि अॅलेक त्यावर नसतो. असं कुठे होतं, असं वाटलं. मग फॉर्स्टरने 1960 साली लिहिलेलं, शेवटी जोडलेलं टिपण वाचलं. शेवट सुखाचा नसता तर आपण लिहायलाच बसलो नसतो, असं तो म्हणतो. नायकाला गळफास दिला असता तर सगळं खपून गेलं असतं, हेही त्याला ठाऊक होतं. आणि हे लिहिलं कधी, तर 1913-14 मध्ये! लेखक ऑस्कर वाइल्डला समलैंगिक संबंधांसाठी 1895 मध्ये ज्या कायद्याखाली दोन वर्षं सक्तमजुरी झाली, तो तेव्हा लागू होता. इंग्लंडमध्ये तो 1967 ला सैल झाला. कादंबरी मात्र जवळच्या मित्रांपुरतीच राहिली. 1971 मध्ये छापून आली तेव्हा फॉर्स्टरला जाऊन वर्ष झालं होतं.

मी पुन्हापुन्हा उघडतो ते पान केंब्रिजमधलं. ग्रीक भाषांतराचा तास चालू आहे. एक ओळ येते आणि प्राध्यापक कोरड्या आवाजात सांगतात, हे गाळा, ग्रीकांच्या त्या अनुच्चारणीय दुर्गुणाचा (म्हणजे पुरुषांमधल्या प्रेमाचा) उल्लेख आहे. बाहेर पडल्यावर क्लाइव्ह उघडपणे त्यावर बोलतो. या गोष्टीबद्दल बोलता येतं, हेच मॉरिसला माहीत नसतं. भर उन्हात, कॉलेजच्या अंगणात त्याला एकदम मोकळं वाटतं. मी गे आहे. माझ्या बाबतीत ते अंगण खूप उशिरा आलं.

उणिवा आहेत. बहिणी, आई, क्लाइव्हची बायको अॅन यांच्यात फॉर्स्टरचा जीव रमलेला नाही. अॅलेकही फार उशिरा येतो. माझ्या प्रतीची बांधणी चौथ्या महिन्यात सुटली. प्रत घेताना ते टिपण आहे ना, एवढं बघाच.

आपल्याकडे फॉर्स्टर पुढे देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या (शाखेच्या) मराठा महाराजांचा खाजगी सचिव होता, 1921 मध्ये. तेव्हा हे हस्तलिखित तयार होऊन सात वर्षं झाली होती. इथेही समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणारं, इंग्रजांनीच आणलेलं 377 कलम होतं.

ते कलम सप्टेंबर 2018 मध्ये न्यायालयाने आमच्यावरून उठवलं, त्याच आठवड्यात मी घरी सांगितलं. दादाने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. यंदा दिवाळीत त्याने हे पुस्तक मागून नेलं. परत दिलं तेव्हा त्या तासाच्या पानात बसचं तिकीट खुणेला होतं. म्हणाला, "शाळेत असताना तुलाही असंच वाटायचं का रे?"

त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत गच्चीवर बोलत बसलो होतो.