बी.कॉम.चा रिव्ह्यू, डाळ मिलच्या ऑफिसातून

मामेबहिणीला बारावी कॉमर्सला ७१ टक्के पडले आणि त्याच संध्याकाळी मामांचा फोन आला, "बी.कॉमले टाकू का हिले?" मी घाईत होते, महिनाअखेर होती. "टाका" म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री वाटलं, साधी मिक्सर घ्यायची तर माणूस चार जणांना विचारतो. इथे पोरीची तीन वर्षं आहेत. म्हणून हे नीट लिहिते.

मी अमळनेरची. २०१८ ते २०२१ जळगावच्या एका अनुदानित कॉलेजातून बी.कॉम. केलं, शेवटच्या वर्षाला स्पेशल विषय अकाउंट्स. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि तिथल्या दोन मॅडमना मी अजून दिवाळीचा फराळ पोचवते. अनुदानित तुकडी असल्याने फी चार आकड्यांतच राहिली. खरा खर्च होता तो सुरत लाइनच्या पासचा आणि झोपेचा. सकाळची पॅसेंजर, धरणगाव-पाळधी करत जळगाव, संध्याकाळी तीच वाट उलटी. आमच्या बॅचच्या पहिल्या वर्षातच विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं. जिला लिहिता-वाचता येत नव्हतं तिच्या नावाची मार्कशीट हातात आली तेव्हा मला उगाच भरून आलं होतं, हे जाता जाता सांगते.

पहिल्याच आठवड्यात माझी गाडी रुळावरून घसरली ती आबांमुळे. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांचं भुसाराचं दुकान होतं. लाल कापडाच्या बांधणीची लांब वही, डावीकडे जमा (क्रेडिट), उजवीकडे नावे (डेबिट). लहानपणापासून मी त्या वहीत बेरजा मारलेल्या. कॉलेजात मॅडमनी फळ्यावर खातं काढलं: डावीकडे नावे, उजवीकडे जमा. मी हात वर करून म्हटलं, मॅडम, उलटं झालं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं आणि आबांच्या वहीचं एक पान आणायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ते पान आणि रोखपुस्तक शेजारी ठेवून त्यांनी जे दाखवलं, तिथे माझी फी वसूल झाली. आलेले पैसे दोन्हीकडे डावीकडेच लिहिलेले होते. फरक इतकाच, की आबा पैसे देणाऱ्याचं खातं बघून त्याला 'जमा' म्हणायचे आणि पुस्तक गल्ल्याचं खातं बघून त्यालाच 'नावे' म्हणतं. व्यवहार एकच, बघणारा वेगळ्या बाजूला उभा. 'जे येते ते नावे, जे जाते ते जमा' हे मी तोवर नुसतं घोकत होते. कळलं त्या दिवशी. आबांना घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, "मंग मी काय चुकी लिखत व्हतू का?" नाही आबा, तुम्ही बरोबरच लिहीत होता.

अशा मॅडम मिळाल्या तर बी.कॉम. घ्या. पण मिळतीलच याची खात्री कोणी देत नाही. दुसऱ्या वर्षाला कॉस्टिंगला, म्हणजे माल बनवायच्या खर्चाच्या हिशोबाला, जे सर होते ते पुस्तक हातात घेऊन गणित सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. 'एक्स लिमिटेड, प्रक्रिया अ, प्रक्रिया ब, सामान्य घट ५ टक्के.' कसली प्रक्रिया, कसली घट, कोणी विचारलं नाही. कॉलेजच्या गेटपासून एमआयडीसी रिक्षाने काही मिनिटांवर. तिथे डाळ मिलांची रांग लागलेली, प्रत्येकीत रोज हेच गणित चाललेलं. तीन वर्षांत एकदाही आम्हाला तिथे नेलं नाही. औद्योगिक भेट म्हणून सहल गेली ती अजिंठ्याला.

आता मी अशाच एका मिलच्या ऑफिसात बसते, म्हणून तो राग अजून ताजा आहे. तूर भरडली की क्विंटलमागे साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते; बाकी खंडा (तुटलेली डाळ), चुनी (बारीक चुरा), कोंडा आणि वाळण्यातली घट. चुनी-कोंडा ढोरांच्या खाद्याला विकला जातो आणि ते पैसे डाळीच्या खर्चातून वजा होतात. पुस्तकातला उपउत्पादनाचा धडा म्हणजे हाच. एका पावसाळ्यात १०० क्विंटलच्या लॉटला ७२ क्विंटल डाळ धरली होती, निघाली ६८. शेठचा संशय थेट हमालांवर. मी वहीत प्रोसेस अकाउंट मांडलं, म्हणजे किती माल आत गेला, काय काय बाहेर आलं याचं खातं, काट्याच्या सगळ्या पावत्या लावल्या. खंडा आणि चुनी मिळून नेहमीपेक्षा ३ क्विंटल जास्त भरले होते, उरलेला एक क्विंटल वाळण्यात गेला होता. माल ओला आला होता, एवढंच. हमालांची मजुरी कापायची चिठ्ठी शेठनी स्वतः फाडली. 'असामान्य घट', म्हणजे नेहमीपेक्षा जास्त गेलेला माल, हे शब्द परीक्षेत सहा मार्कांना होते.

टॅलीबद्दल, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दल, लोक सगळ्यात आधी विचारतात. कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर चालू अवस्थेत आठ आणि आम्ही साठ. एका मशीनवर सात-आठ जणी. कीबोर्ड जिच्यापुढे तिचं शिक्षण, बाकीच्यांचं दर्शन. नंतर स्टेशनजवळच्या एका खासगी क्लासमध्ये तीन महिने घातले. तिथे एंट्री मारायचा वेग आला, पण ती एंट्री का मारायची हे तिथल्या सरांना विचारलं की ते कीबोर्डवरची कुठली एफ-की दाबायची ते सांगायचे. दोन्ही ठिकाणी पैसे भरून मला अर्धं अर्धंच मिळालं. आता कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहणं सक्तीचं झालंय. त्यामुळे 'आधी टाकून बघू, नंतर पुसू' ही क्लासमधली सवय कंपनीच्या वह्यांत चालत नाही. आबासुद्धा खोडायचे नाहीत. आडवी रेघ मारायचे, शेजारी सही.

फायनान्सचा भाग मात्र मला अनपेक्षितपणे घरी उपयोगी पडला. अमळनेरच्या माणसाला शेअर काय ते शिकवावं लागत नाही. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये आमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. तेव्हापासून कितीतरी घरांत तिचे कागद ट्रंकेत असायचे. आबांकडे ३० शेअर होते. २००३ मध्ये आत्याच्या लग्नाला ते विकले. आमच्या घरात भांडण काढायचं असेल तर हा विषय पुरतो. शेवटच्या वर्षाला बोनस शेअरचा, म्हणजे असलेल्या शेअरमागे फुकट मिळणाऱ्या शेअरचा, धडा आला तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला: २००४ ला एकास दोन, म्हणजे एका शेअरमागे दोन नवे, झाले ९०. २००५ ला एकास एक, १८०. २०१० ला तिनास दोन, ३००. २०१७ ला दुप्पट, ६००. २०१९ ला तिनास एक, ८००. डिग्रीनंतर २०२४ ला पुन्हा एकास एक आला, १६००. एक रुपया न घालता तिसाचे सोळाशे.

हा आकडा मी जेवताना सांगितला आणि आजीने ताटावरून हात उचलला. आबा बिचारे म्हणाले, "इकी टाकात मी, आते काय करू." मग मला धड्याचा उरलेला भाग सांगावा लागला, जो खरा महत्त्वाचा. बोनस देताना कंपनी बाहेरून काही आणत नाही; स्वतःच्या राखीव निधीतली रक्कम भांडवलात वळती करते. राखीव निधी नावे, भागधारकांना बोनस जमा; मग ते नावे आणि भागभांडवल जमा. भाकर तीच, तुकडे जास्त. त्या दिवशी बाजारातला भावही त्या प्रमाणात खाली येतो. आबांचं नुकसान झालं ते शेअरची संख्या चुकल्याने नाही, मधल्या वीस वर्षांतला कंपनीचा नफा आणि लाभांश चुकल्याने. आणि आत्याचं लग्न त्या पैशांत झालं, कर्ज न काढता. ते व्याज कोण धरणार? आजीने पुन्हा जेवायला घेतलं. हा माझा बी.कॉम.चा सगळ्यात चांगला पेपर.

शेवटचं सेमिस्टर कोविडमध्ये मोबाइलवर गेलं. पर्यायी प्रश्न, टिक मारा. ताळेबंद हाताने न मांडता मी अकाउंट्सची पदवीधर झाले, याची लाज अजून वाटते. प्रोजेक्टचं सांगतच नाही. मागच्या वर्षीच्या मुलीचा 'गुणोत्तर विश्लेषण' फिरत फिरत माझ्याकडे आला, मी फक्त मुखपृष्ठ बदललं. माझी चूकच. पण तपासणाऱ्याने आत उघडून बघितलं असतं तर मी सापडले असते.

आणि जे अजिबात शिकवलं नाही ते. नोकरी लागली तेव्हा मला जीएसटीचा इतिहास पाठ होता, रिटर्न कधी भरलेलं नव्हतं. १८ जुलै २०२२ ला नियम बदलला आणि २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के लागू झाला. त्यापेक्षा मोठ्या कट्ट्यावर नाही. आठवडाभर ऑफिसात फोन थांबेना, किराणावाले विचारायचे, ३० किलोचा कट्टा द्या, चालेल ना? शेठ माझ्याकडे बघायचे. 'तू बी.कॉम. ना?' त्या आठवड्यात मी आमच्या सीएंकडे आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणाऱ्या मुलाला इतके चहा पाजले की तो आता मला ताई म्हणतो. तसंच घसाऱ्याचं, म्हणजे मशीनची किंमत दरवर्षी किती घटली धरायची त्याचं. कॉलेजात सरळ रेषा पद्धतीची गणितं पाठ. इथे नोव्हेंबरात डाळ निवडायचं सॉर्टेक्स मशीन बसलं आणि मी आयकरासाठी पूर्ण १५ टक्के धरले. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर, म्हणजे निम्मेच, साडेसात. सीएंनी लाल गोल केला आणि काही बोलले नाहीत.

आता नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांचा ऑनर्सचा पर्याय आहे आणि प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. मामा, हे वाचत असाल तर प्रवेश घेताना फीपेक्षा हे विचारा: प्रशिक्षणाला मुली कुठे पाठवता, की नुसता शिक्का मारून देता? लॅब उघडून दाखवायला सांगा. दाखवली नाही तर दुसरं कॉलेज बघा.

माझे स्टार: अकाउंट्सच्या मॅडमना पाच, कॉस्टिंगच्या धड्याला पाच आणि शिकवण्याला दोन, लॅबला एक, कँटीनच्या शेवभाजीला साडेचार. एकूण साडेतीन धरा.

बहिणीला माझ्या सगळ्या वह्या देते. सोमवारी पाठवा तिला, मी साडेसहापर्यंत ऑफिसात आहे. फक्त कॉस्टिंगची निळी वही मिळणार नाही, तिची झेरॉक्स काढून घ्यायची. ती मला लागते.