आईसोबत पाहायला: इंग्लिश विंग्लिश की क्वीन?

मैत्रिणीला आईसोबत एकच सिनेमा पाहायचा आहे, घर सोडून परदेशात गेलेल्या बाईचा. ‘इंग्लिश विंग्लिश’ (2012) की ‘क्वीन’ (2014), यावर तिचं अडलंय.

परदेश दोन्हींत आहे, पण काम वेगळं करतो. ‘इंग्लिश विंग्लिश’मधली शशी गोडबोले न्यूयॉर्कला भाचीच्या लग्नासाठी जाते आणि चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या वर्गात बसते. तिथं तिच्या लाडवांना धंदा म्हणून मान मिळतो. घरी ते फक्त लाडूच होते. ‘क्वीन’मधली राणी लग्न मोडल्यावर ठरलेल्या मधुचंद्राला एकटीच पॅरिस आणि अॅमस्टरडॅमला जाते आणि वसतिगृहात तीन अनोळखी पुरुषांसोबत एका खोलीत राहते.

पुरुषांकडे नीट बघा. शशीचा नवरा दुष्ट नाही, त्याला फक्त दिसत नाही. म्हणून तो जास्त टोचतो. राणीशी ठरलेलं लग्न मोडणारा विजय लंडनला राहून आलाय, आणि तीच त्याला जुनाट वाटते. पश्चिमेत राहिलं की बाईकडे बघायची नजर सुधारते, हा समज इथं मोडतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

शेवट? शशी घरी परतते, राणी अंगठी परत करते.

आईनं आयुष्य घरासाठी घातलं असेल आणि मुलांनी तिच्या इंग्रजीला हसलेलं असेल, तर ‘इंग्लिश विंग्लिश’ लावा. लग्न ठरण्या-मोडण्याचा विषय घरात तापलेला असेल, तर ‘क्वीन’.