स्वतः बांधलेलं विमान, ११८ तासांनंतर

पहिलं उड्डाण झालं त्याच संध्याकाळी मी अनुभव लिहायला बसलो होतो. एक पान लिहून थांबलो. तेव्हा पूर्ण केलं असतं तर सगळं आकाशाबद्दलच झालं असतं. आता चौदा महिने झालेत, मीटरवर ११८ तास पडलेत, आणि सांगण्यासारखं जे साठलंय ते बहुतेक हाताबद्दल आहे. विमानात माझा हात कुठे पोचतो आणि कुठे पोचत नाही, याबद्दल.

विमान दोन आसनी आहे. पंख खालच्या बाजूला, सांगाडा आणि पत्रा ॲल्युमिनियमचा, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस. किटमधून बांधायला मला सव्वातीन वर्षं लागली. किट कोणतं ते लिहीत नाही, कारण खाली ज्या चुका येतील त्या माझ्या आहेत आणि कुठल्याही किटवर करता येतील.

आधी उडण्याबद्दल, थोडक्यात. पुरेशी उंची घेऊन केलेल्या चाचण्यांत फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) उतरवून स्टॉल, म्हणजे वेग कमी होऊन पंखांची उचल तुटणं, ४१ नॉटला (ताशी समुद्री मैल) आला. त्याआधी काठी चांगली थरथरते, म्हणजे इशारा स्पष्ट मिळतो. सुरुवातीला डावा पंख जड वाटायचा. एलरॉनवर (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या झडपेवर) छोटी ट्रिमपट्टी बसवल्यावर ते गेलं. नाकाचं चाक उतरताना थरथरायचं. त्याच्या धुरीवर स्प्रिंगकाटा लावून ओढ मोजली, नट पुस्तकात दिलेल्या आकड्यापर्यंत आवळला, आणि थरथर थांबली. एवढंच. विमान आज्ञाधारक आहे, मी त्याच्यावर खूश आहे.

आता मुख्य गोष्ट.

पंधराव्या तासाच्या सुमारास क्रूझला, म्हणजे सरळ एकसारखं उडताना, पॅनेलवर ११२ नॉट दिसायला लागले. इंजिनाच्या इतक्या आरपीएमला (मिनिटाला फेरे) हे विमान एवढं पळणार नाही, हे मला ठाऊक होतं. एकाच उंचीवर चार दिशांना उडून जीपीएसचा वेग नोंदवला. चारांच्या सरासरीत वाऱ्याचा परिणाम जवळजवळ निघून जातो. उंची आणि तापमानाचा हिशेब लावल्यावर पॅनेलवर १०४ दिसायला हवे होते. आठ नॉट जास्त दिसत होते, आणि वेगाच्या काट्याने खोटं बोलायची ही सगळ्यात वाईट दिशा. पुस्तकातला वेग धरून उतरायला यावं, तर विमान प्रत्यक्षात त्याहून हळू असतं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. पॅनेलमागे स्टॅटिक नळीचा, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब वेग आणि उंचीच्या काट्यांपर्यंत नेणाऱ्या नळीचा, एक सांधा सैल झाला होता. उडताना कॉकपिटमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. सैल सांध्यातून तोच दाब नळीत शिरला की वेगही जास्त दिसतो आणि उंचीही. सांधा घट्ट करणं पाच मिनिटांचं काम. त्या सांध्यापर्यंत पोचायला मला दोन दिवस लागले. बांधताना मी पॅनेलमागच्या वायरी तंतोतंत मापाच्या कापल्या होत्या, सुबक जुड्या बांधल्या होत्या, फोटोही काढले होते. स्क्रू काढले तरी पॅनेल दोन बोटंसुद्धा पुढे येईना. आधी अकरा कनेक्टर सोडवावे लागले, तेही आरसा धरून, चाचपडत.

बांधणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, प्रत्येक वायर वीतभर जास्त ठेवा. वजन ग्रॅममध्ये वाढतं. पॅनेल मांडीवर घेता आलं पाहिजे.

त्या दोन दिवसांत माझी विमानाकडे बघायची नजर बदलली. बांधताना मी सतत वैमानिकाच्या जागी बसून विचार केला होता. बसल्यावर काय दिसेल, काय हाताशी येईल. दर पन्नास तासांनी आडवं पडून, टॉर्च तोंडात धरून काम करणाऱ्या माणसाचा विचार केलाच नव्हता. आणि तो माणूसही मीच होतो.

सुरुवातीच्या काळातले ब्राझिलियन विमानकर्ते सांतोस-द्युमों यांचं १९०९ चं ‘देमोइसेल’ हे छोटं विमान इथे मला नेहमी आठवतं. आराखडे त्यांनी पेटंट न घेता सर्वांसाठी खुले ठेवले, त्यामुळे हौशी बांधणाऱ्यांमध्ये त्या विमानाला मोठा मान आहे. त्याचे फोटो मी आता वेगळ्या डोळ्यांनी बघतो. बांबूचा सांगाडा, तारा, वर इंजिन, खाली माणूस, सगळं उघडं. हात पोचणार नाही अशी जागाच जवळपास नाही.

इंजिनबद्दल सविस्तर लिहितो, कारण ९१२ बद्दल गैरसमज बरेच आहेत. ५५०० आरपीएम ऐकून लोक दचकतात. पण ते क्रँकशाफ्टचे फेरे. मध्ये २.४३ ला १ असा गिअरबॉक्स आहे, म्हणजे प्रोपेलर साधारण २२६० नेच फिरतो. तेल ५० अंशांपर्यंत तापल्याशिवाय मी जोर देत नाही. इंजिनात ठिणगी देणारी इग्निशन दोन आहेत, ४००० आरपीएमला त्यातलं एकेक बंद करून बघायचं. आरपीएममध्ये ३०० पेक्षा जास्त घसरण चालत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या घसरणीतला फरक ११५ च्या आत हवा. माझा आजवर चाळीसच्या वर गेलेला नाही.

तेल तपासायची पद्धत नवख्यांना विचित्र वाटते. तेल वेगळ्या टाकीत असतं, पण इंजिन बंद असताना त्यातलं काही खाली क्रँककेसमध्ये उतरतं. म्हणून दोन्ही इग्निशन बंद असल्याची खात्री करून, टाकीचं झाकण उघडून प्रोपेलर हाताने फिरवायचा, फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने. टाकीतून गुळगुळ आवाज आला की मगच डिपस्टिक बघायची. हे न करता तेल कमी आहे समजून वरून ओतणारे मी पाहिलेत.

साठाव्या तासाला आयडलवर, म्हणजे इंजिन सगळ्यात कमी फेऱ्यांवर असताना, विमान खडखडू लागलं. दोन कार्बोरेटर, दोन केबल. एक केबल किंचित ताणली गेली होती. दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम गेज लावून कार्बोरेटर जुळवले, तेव्हा पाण्याचा भरलेला पेला काउलिंगवर (इंजिनावरच्या आवरणावर) ठेवावा इतकं शांत झालं. या खडखडाटाकडे दुर्लक्ष करू नका, त्याचा मार गिअरबॉक्सला बसतो. हे काम मात्र मला अर्ध्या तासात जमलं. इंजिनाच्या बाजूला सगळं उघडं आहे आणि काउलिंगचा वरचा भाग चार फिरक्यांत निघतो. तिथे किट आखणाऱ्याने माझ्यापेक्षा जास्त विचार केला होता.

वजन. आराखड्यात रिकामं विमान ३३० किलो, माझं ३४१ भरलं. अकरा किलो कुठून आले ते मला नेमकं माहीत आहे, रंगाचा तिसरा हात, आसनांचं जाड अस्तर, आणि जिथे गरज नव्हती तिथेही लावलेला प्रायमर. कमाल वजन ६०० किलो. दोन माणसांचे १७० आणि भरलेल्या टाक्यांचे १०० लिटर, म्हणजे ७२ किलो, घेतल्यावर सामानाला १७ किलो उरतात. अस्तर काढून हलकं बसवणार आहे. रंग तसाच राहणार, त्याचं वाईट वाटतं.

पन्नास आणि शंभर तासांच्या तपासणीत रिव्हेटांना काही झालेलं नाही. सैल होऊन हलायला लागलेला रिव्हेट आजूबाजूला काळी रेघ सोडतो. मी एकेक रांग बोटाने पुसत गेलो, कुठेही बोट काळं झालं नाही. बांधताना ‘रिव्हेटांच्या भोकांच्या कडा घासत बसू नकोस, वेळ जातो’ असं मला बरेच जण म्हणायचे. प्रत्येक भोकाची कड घासण्यात गेलेले ते महिने मला आज अजिबात जास्त वाटत नाहीत.

या आठवड्यात विमान जमिनीवर आहे. उजव्या टाकीखाली इंधनाच्या गाळणीपर्यंत जाणारं तपासणीचं झाकण तीन बोटांचं होतं. कडेला दुहेरी पट्टी रिव्हेट करून ते किटवाल्यांच्या सुधारित आराखड्याप्रमाणे मोठं करतोय. काल मोकळ्या भोकातून हात मनगटापर्यंत आत गेला, गाळणी काढली, पुसली, परत बसवली. डावी बाजू पुढच्या आठवड्यात.