झुरळांवरचं जेल: आठ महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकू. स्वयंपाकघरातल्या बारीक, तांबूस झुरळांवर हे जेल उत्तम चालतं. मोरीतून येणाऱ्या मोठ्या झुरळांवर जवळजवळ नाहीच. आणि जेल लावून वर फवाराही मारणार असाल, तर पैसे पाण्यात गेले समजा.

वापरलेलं जेल म्हणजे इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक 2.15 टक्के असलेलं विषारी आमिष, सिरिंजमध्ये मिळतं ते. बारीक झुरळ म्हणजे जर्मन झुरळ: सव्वा ते दीड सेंटीमीटर, डोक्यामागे दोन काळपट उभ्या रेघा. ट्रॉलीच्या कोपऱ्यात मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसले की मुक्काम तिथेच. जेल लावण्याआधी रात्री दोन-तीन चिकट सापळे ठेवा: एक सिंकखाली, एक फ्रिजमागे, एक ट्रॉलीच्या तळाशी. ज्यात जास्त अडकतील त्या बाजूला जास्त ठिपके. हे न करता अंदाजाने लावलं की अर्धं जेल नुसतं वाळतं.

ठिपका मसुराएवढा, साधारण 0.1 ग्रॅम. मध्यम स्वयंपाकघराला पहिल्या खेपेला चाळीस-पन्नास ठिपके, म्हणजे पाचेक ग्रॅम. लांब रेघ ओढू नका. झुरळ भिंतीच्या कडेने, फटीला अंग घासत फिरतं, म्हणून थोडथोडं पण बऱ्याच जागी लावलेलं जास्त खाल्लं जातं. जागा अशा: ट्रॉलीच्या बिजागरीमागे, चॅनेलच्या टोकाला, कडप्पा आणि भिंत यांच्या सांध्यात, सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथे, फ्रिजच्या मागे खालच्या बाजूला. आणि हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे भिंतीवरचा वॉटर प्युरिफायर. त्याच्या मागे ऊब असते, ओल असते, अंधार असतो आणि वर्षानुवर्षं तिथे फडकं पोचत नाही. मशीन हलकेच पुढे ओढून मागच्या भिंतीवर चार ठिपके लावा, यंत्राच्या आत मात्र नको. मिक्सर आणि मायक्रोवेव्हलाही हाच नियम: खाली, मागे, पण आत नाही.

तेलकट पृष्ठभागावर ठिपका धरत नाही, ओघळतो. शेगडीमागच्या चिकट टाइल्स आधी साबणाच्या पाण्याने पुसून कोरड्या करा. शेगडीच्या अगदी जवळ तर लावूच नका. उष्णतेने दोन-तीन आठवड्यांत त्याची खपली होते आणि खपली कोणी खात नाही. उन्हाळ्यात हे फार लवकर होतं. पावसाळ्यात उलट, सिंकखाली जेल सैल पडतं, कधी बुरशी धरते. दोन्ही वेळी जुनं एखाद्या टाकाऊ कार्डाने खरवडून काढायचं आणि मगच नवं लावायचं.

सगळ्यात जास्त चूक होते ती पहिल्या चार दिवसांत. विष खाल्लेली झुरळं भरदिवसा ओट्यावर येतात, लडखडतात, उताणी पडून पाय झाडतात. “आधी दिसत नव्हती, आता जास्तच झाली!” म्हणत कोणीतरी स्प्रे उचलतं, आणि सगळं मुसळ केरात. बाजारातले बहुतेक फवारे आणि खडू पायरेथ्रॉइड नावाच्या कीटकनाशकांच्या गटातले. त्यांच्या वासाने नि स्पर्शाने झुरळं त्या जागेपासून लांब पळतात, म्हणजे जेलपासूनही. जेल लावायच्या आधी फवारणी झालेली असेल, तर त्या जागा साबणाने धुऊन घ्या. फिनेलचं फडकं ठिपक्यांवरून फिरलं तरी तेच. घरात कामाला येणाऱ्या ताईंना ठिपके एकदा दाखवून ठेवा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत सगळे पुसले जातात.

फटीत मेलेली झुरळं पहिला आठवडा तशीच राहू द्या. पिल्लं त्यांची विष्ठा आणि मढी खातात, त्यातलं विष त्यांच्याही पोटात जातं. ओट्यावरची अर्थात लगेच उचला.

दुसरी खेप पंधरा ते वीस दिवसांनी हवीच. जर्मन मादी अंड्यांची डबी फुटायच्या बेतापर्यंत शेपटाशी घेऊन हिंडते, एका डबीत तीस-चाळीस पिल्लं. डबीतल्या अंड्यांवर जेलचा काही परिणाम नाही. म्हणून “दहा दिवस छान, मग परत आली” ही तक्रार बहुधा दुसरी खेप चुकवल्याची असते. दुसऱ्या वेळी पंधरा-वीस ठिपके पुरतात, तिसऱ्यांदा दीड महिन्याने तेवढेच. त्यानंतर सापळे महिन्यातून एकदा ठेवून बघत राहायचं.

जागा बरोबर आहे, फवारा नाही, तरी ठिपके जसेच्या तसे? मग जेल बदला. काही जर्मन झुरळं आमिषातलं ग्लुकोज, म्हणजे साखर, टाळतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 1993 मध्येच नोंदवलं होतं. त्या झुरळांना ग्लुकोज कडू लागतं, हे 2013 मध्ये दाखवलं गेलं. वेगळ्या आमिषाचं, फिप्रोनिल या दुसऱ्या कीटकनाशकाचं जेल त्या वेळी उपयोगी पडू शकतं.

बोरिक पावडर आणि कणकेच्या गोळ्या स्वस्त आहेत, पण दोन दिवसांत दगड होतात. पावडर नुसतीच भुरभुरायची तर अगदी पातळ थर हवा. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं.

मोठी लालसर झुरळं गटारातून येतात. त्यांच्यासाठी मोरीला बारीक जाळी बसवा. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या जाळीत आठवड्यातून एक तांब्या पाणी ओता, कारण खालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वाकड्या नळीत साचून राहणारं, पाणी आटलं की रस्ता मोकळाच.

त्रुटी सांगायच्या तर दोन. सिरिंजचं टोपण सैल राहिलं की टोकाचं जेल घट्ट होतं. टाचणीने मोकळं होतं, पण जोर लावला की एकदम शेंगदाण्याएवढा गोळा बाहेर येतो. दुसरं म्हणजे काळ्या मुंग्या. जेल गोड असल्याने त्या कधीकधी ठिपके आधी फस्त करतात, तिथे जागा बदलावी लागते. हातमोजे घाला, पोळपाटाच्या आसपास लावू नका, मूल रांगतं असेल तर गुडघ्याच्या उंचीखाली फक्त बंद फटींच्या आत.

एवढं करूनही सामायिक डक्टच्या सोसायटीत शेजारून नवी पाहुणी येतातच. पाइपाभोवतीची भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवा. आणि किराण्याचे खोके, अंड्यांचे ट्रे घरात ठेवू नका, दारातच रिकामे करून बाहेर काढा. खोक्याच्या घडीत लपलेली डबीवाली एक मादी म्हणजे पुढची तीस-चाळीस झुरळं.