उभं वाळलेलं झाड की ओला ओंडका? धनुष्यासाठी लाकूड निवडताना

सिन्नर-निफाडकडे शेताच्या बांधावर एखादी बाभूळ उभ्याउभ्या वाळलेली दिसली की लाकडी धनुष्य करू पाहणाऱ्याचे हात शिवशिवतात. लाकूड आयतं वाळलंय, वर्षभर थांबायला नको, आणि शेतकरीही म्हणतो, "न्या की, नाहीतर जळणातच जाणार." दुसरा रस्ता म्हणजे ओलं झाड तोडून ओंडका घरी आणायचा, फोडायचा आणि वाट बघायची.

माझं मत आधीच सांगतो. पहिलंच धनुष्य असेल तर ओला ओंडका घ्या. वाळकं घ्यायचंच असेल, तर त्यातली एक पट्टी मोडून बघितल्याशिवाय पुढचं काम सुरू करू नका. लाकूड वाळलंय याचा अर्थ ते निरोगी आहे असा होत नाही.

धनुष्य ओढलं की त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. चौकटीच्या लाकडाला थोडी कीड असली तरी दार वर्षानुवर्षं उभं राहतं. धनुष्याची पाठ तेवढंही सोसत नाही. बुरशी लाकडात शिरली की सगळ्यात आधी चिवटपणा जातो. वजन घटणं, रंग बदलणं, भुसभुशीत होणं हे सगळं मागाहून. त्यामुळे नखाला टणक आणि हाताला जड लागणारं लाकूडही पूर्ण ओढीला कडकन तुटू शकतं, आणि त्या वेळी ते तुमच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतं.

म्हणून वाळलेल्या झाडाबद्दल पहिला प्रश्न: ते मेल्यावर किती पावसाळे उभं होतं? लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशी वाढत नाही. पावसाने तो वर गेला की तिचं काम सुरू होतं. आपल्या नाशिक जिल्ह्यात याचं उत्तर तालुक्यागणिक बदलतं. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडेही झाडं महिनोन् महिने ओलीच असतात. तिथे एक अख्खा पावसाळा काढलेलं मेलेलं खोड मी धनुष्यासाठी बघतही नाही, फार तर त्याचा गाभा तपासतो. सिन्नर, येवला, चांदवडच्या कोरड्या पट्ट्यात तेच खोड जास्त टिकतं. झाडाची पानं कधी गेली हे शेतमालकाला बहुधा आठवत असतं. दसऱ्यानंतर वाळलेलं आणि होळीला हाती आलेलं झाड असेल तर त्याने पावसाळा बघितलेलाच नसतो, आणि वाळक्या लाकडातला सगळ्यात चांगला सौदा तोच.

झाड कशाने मेलं हेही विचारा. पाण्याअभावी वाळलेलं किंवा साल काढून मुद्दाम वाळवलेलं झाड सहसा बरं निघतं. मुळं कुजून मेलेल्या झाडात कूज बुंध्यातून वर चढलेली असते.

जात कोणती, यावर तर अर्धा निर्णय होतो. बाभळीचा तांबूस गाभा टिकाऊ, पण बाहेरचा पांढरा भाग भुंगेऱ्यांच्या आणि घुणाच्या फार आवडीचा. वाळलेल्या बाभळीतून धनुष्य काढायचं तर पांढरा भाग पूर्ण उतरवून गाभ्यातच पाठ काढावी लागते, म्हणजे खोड त्या मानाने जाड हवं. धामणीचं उलट आहे. चिवट आणि लवचीक म्हणून धनुष्याला आणि अवजारांच्या दांड्यांना ती पूर्वापार वापरात आहे, पण उघड्यावर सागासारखी टिकत नाही. धामण ओलीच घ्यावी. धावडाही चिवट, मात्र वाळताना इतका चिरतो की उभ्या वाळलेल्या धावड्यात धनुष्याएवढा सलग तुकडा मिळणं अवघड. सागाचा गाभा कितीही टिकला तरी झटका सोसण्यात तो या तिघांच्या मागे आहे.

झाड उभं असताना बरंच काही दिसतं. खोडावर फळीसारख्या कडक अळंब्या दिसल्या तर कूज आत खूप पसरलीय, तिथून पुढे चला. तांबटाची किंवा सुतार पक्ष्याची ढोली म्हणजे आतलं लाकूड चोचीने कोरण्याइतकं मऊ झालंय. शिवाय ती ढोली कुणाचं तरी घर असू शकतं, ते झाड तसंच राहू द्यावं. साल ओढून बघा. खाली बारीक नागमोडी बोगदे असतील तर कीड कदाचित वरच्या थरापुरती असेल. गोल भोकांतून पिठासारखी पूड गळत असेल तर पांढरा भाग गेला असं समजा. बुंध्याचा खालचा भाग जमिनीतून ओल ओढत राहतो, म्हणून तो सोडून मधला भाग बघा.

भेगांना लोक उगाच घाबरतात. उभ्या वाळलेल्या खोडावरची भेग लाकडाची रेषा, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, कशी जाते ते उघडपणे दाखवते. ती सरळ खाली आली असेल तर लाकूड सरळ आहे, खोडाभोवती वळसा घेत गेली असेल तर लाकूड पिळाचं आहे. ओल्या ओंडक्यात ही गोष्ट फोडेपर्यंत कळत नाही, आणि वाळक्याचा हा खरा फायदा. पण त्याच भेगेतून पाणी आत जातं, म्हणून तपासणी भेगेच्या तळाशीही करा.

आता तपासणी. कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने ठोकल्यावर आवाज बद्द आला तर खोड नाकारायला पुरेसा आहे, पण खणखणीत आवाजावर भरवसा ठेवू नका. सुरुवातीची कूज त्यात ऐकू येत नाही. टोच्या रेषेला आडवा लाकडात थोडा घुसवा आणि उचका. निरोगी लाकडाची लांब सळई उचलली जाते, एका टोकाला चिकटून राहते आणि ओढली तर पुढे फाटत जाते. कुजलेल्या लाकडाचा तुकडा टोच्याच्या वरच आखूड तुटतो, आवाज न करता.

यात पास झालं तर पट्टी कापा. ज्या थरातून धनुष्याची पाठ निघणार त्याच थरातून, रेषेला धरून, हातभर लांब, बोटभर रुंद, अर्धा सेंटिमीटर जाड. दोन्ही हातांनी हळूहळू वाकवत मोडेपर्यंत न्या. चांगली पट्टी आधी बरीच वाकते, मग करकर आवाज करत फुटते, आणि मोडलेल्या जागी लांब लांब तुसं उभी राहतात. खराब पट्टी गाजर मोडावं तशी एकदम तुटते, दोन्ही तोंडं सपाट. मोडलेलं तोंड उन्हात धरून बघा: काळ्या बारीक रेघा, पांढरट ठिपके किंवा अळंबीसारखा वास असेल तर उरलेलं लाकूड चुलीला द्या. अशा पट्ट्या खोडाच्या दोन-तीन जागांहून घ्या, कारण कूज सगळीकडे सारखी नसते. तुलनेला त्याच जातीच्या, नक्की चांगल्या लाकडाची पट्टी जवळ असेल तर फरक पहिल्याच मोडीत कळतो.

ओल्या ओंडक्यात ही शंका नसते, तिथे मेहनत वेगळी. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीत तोडलेलं बरं. एप्रिलच्या झळांमध्ये ओलं लाकूड ठेवलं तर ते डोळ्यांदेखत चिरतं. तोडल्या दिवशीच दोन्ही तोंडांना ऑइलपेंट किंवा फेविकॉलचा जाड थर द्या, पाचरी मारून ओंडका उभा फोडा, साल काढा आणि सावलीत, जमिनीपासून वर, वारा लागेल असं ठेवा. साल तशीच ठेवून ओंडका कोपऱ्यात टाकला तर आत कीड लागते आणि तोडलेलं ओलं लाकूडही त्या वाळक्याच्याच वाटेने जातं. धनुष्याचा ढोबळ आकार आधीच काढून ठेवला तर वाळायला वर्षाऐवजी काही महिने पुरतात. मधूनमधून वजन करा. उन्हाळ्यात वजन उतरायचं थांबलं की कामाला घ्या.

वाळक्या झाडाचंही वजन बघायला हवं, कारण उभं झाड बाहेरून कोरडं आणि गाभ्यात ओलसर असू शकतं. एक छोटा तुकडा तोला, ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, परत तोला. ११२ ग्रॅमचे १०० झाले तर ओलावा १२ टक्के. धनुष्याला ८ ते १० टक्के चांगला.

परवानगीच्या बाबतीत ओलं आणि वाळकं यांत फरक समजू नका. वनखात्याच्या जमिनीवरचं वाळलेलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. सागासारख्या झाडांना स्वतःच्या शेतातही १९६४ चा वृक्षतोड कायदा लागू आहे, आणि महापालिका हद्दीत १९७५ चा. सगळ्यात सोपं म्हणजे बांधावरची छाटणी चालू असेल तिथे आधी बोलून ठेवणं. शिकारीसाठी धनुष्य हा विषयच नाही, ती वन्यजीव कायद्याने बंद आहे.

ही दोन्ही लाकडं मिळत नसतील तर वखारीतली फळी चालते, फक्त तिची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न तुटता गेलेली हवी. पेठ-सुरगाण्याकडे बांबू मिळतो आणि त्याचं धनुष्य छान होतं, पण तो तीन वर्षांपुढचा, हिरवा असताना तोडलेला असावा. फुलोरा येऊन बेटात उभा वाळलेला बांबू मात्र कितीही सरळ दिसला तरी घेऊ नका. तो ठिसूळ झालेला असतो आणि पट्टी मोडून बघायचीही गरज पडत नाही.